आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए: कर्ज काढून इंग्लंड, की जेएनयू?

तुम्ही विचारलंय की पुण्यात राज्यशास्त्र घेऊन बीए संपत आलंय, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएला प्रवेश मिळालाय, घरचे राहता फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. जावं, की जेएनयूसाठी प्रयत्न करावा?

फ्लॅट तारण ठेवून जाऊ नका. मी पुणे विद्यापीठाच्या संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभागात शिकलो, काही वर्षं नोकरी केली आणि मग शिष्यवृत्तीवर ब्रिटनला गेलो. दोन्हीकडचं पाहिल्यावर हेच सांगावंसं वाटतं.

विद्यापीठांची क्रमवारी जरा बाजूला ठेवा आणि काम कुठे करायचंय ते आधी ठरवा. आपल्या विषयातल्या बऱ्याच नोकऱ्या नागरिकत्वाशी बांधलेल्या असतात. कुठलंही परराष्ट्र खातं आपलेच नागरिक घेतं, आणि संरक्षणाशी संबंधित संशोधनातही बाहेरच्या माणसाला फारसा वाव नसतो. परदेशातच नोकरी करून कर्ज फेडू, हा हिशेब इथे कोलमडतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिपसुद्धा बिनपगारी असते, आणि न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात राहायचा खर्च आपला आपणच करायचा.

परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर यूपीएससीला कुठलीही पदवी चालते. आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषयाचाच भाग आहे, राज्यशास्त्रासोबत, ५०० गुणांचा. परदेशी भाषाही निवड झाल्यावर मंत्रालयच शिकवतं. त्यासाठी परदेशी पदवीची गरजच नाही.

जेएनयूतल्या या विषयाच्या विभागाची (तिथे त्याला ‘स्कूल’ म्हणतात) सुरुवात १९५५ची, म्हणजे खुद्द जेएनयूच्याही आधीची. दोन वर्षांचा एमए, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशभरच्या प्रवेश परीक्षेतून, फी नाममात्र. मला त्याहून मोलाचं वाटतं ते दिल्लीत असणं: दूतावास, मंत्रालयं, संशोधन संस्था, निवृत्त राजदूतांची व्याख्यानं, सगळं हाकेच्या अंतरावर. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातला विभागही जुना आणि चांगला आहे. पुण्यातच राहायचं झालं तर आमचा विभाग आहे, सिंबायोसिसचा अभ्यासक्रम आहे (फी बरीच जास्त), आणि गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, जिथे संयुक्त राष्ट्रांची जुनी प्रकाशनं बसून वाचता येतात.

कुठेही शिकलात तरी एक भाषा नेटाने शिका. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन शिकवतात. मूळ रशियन किंवा जपानी कागद वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी संशोधन संस्थांना हवीच असते, आणि असे अर्जदार फार थोडे.

परदेशी जाऊच नये असं मात्र मी म्हणत नाही. निर्वासितांचे प्रश्न, मानवतावादी कायदा, जागतिक व्यापाराचे नियम यांत मन रमत असेल तर जिनिव्हाच्या ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटसारखी जागा इथे सापडणार नाही. १९२७ सालची संस्था, आणि त्याच शहरात निर्वासित उच्चायुक्तालय, रेड क्रॉस, जागतिक व्यापार संघटना. पीएचडी करायची असेल तरीही बाहेरचा विचार जरूर करा. पण शिष्यवृत्तीवर. ब्रिटनच्या चीव्हनिंगला निदान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. तुम्ही अनुसूचित जातीतले असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

आता लगेच करण्यासारखं एक काम. इंग्लंडच्या विद्यापीठाला मेल करून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का ते विचारा. अनेक विद्यापीठं अशी मुभा देतात. उत्तर काहीही आलं तरी सीयूईटीचा फॉर्म भराच.