जळगावला बदली झालीये, तिथला उन्हाळा कसा राहील? नकाशात समुद्र तर जवळच दिसतो

तुम्ही विचारलंय की अलिबागहून जळगावला बदली झालीये, एप्रिलमध्ये आईवडील आणि पाच वर्षांची मुलगी असं सगळं घेऊन यायचंय, तापीचं खोरं नकाशात सरळ सुरतेच्या समुद्राला भिडतंय म्हणजे हवा थोडी तरी मवाळ असेल ना, आणि यंदा 'सरासरीपेक्षा जास्त तापमान' असा अंदाज आला तर किती टेन्शन घ्यायचं. मी जळगावचाच, आमची केळी रावेरकडे आहे, त्यामुळे उन्हाळ्याचा अंदाज आमच्या घरात क्रिकेटच्या स्कोअरपेक्षा जास्त बघितला जातो.

समुद्राचा विषय आधी संपवतो. सुरत नकाशात जवळ वाटते पण उधना ते जळगाव रेल्वेने तीनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि तुम्हाला अलिबागला दुपारी जो गार वारा लागतो तो किनाऱ्यापासून पन्नास-शंभर किलोमीटर आत येईपर्यंत त्याच्यातला गारवा संपलेला असतो. नवापूर-नंदुरबारकडे संध्याकाळी पश्चिमेचा वारा जरा बरा लागतो, जळगाव-भुसावळला तेवढंही नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे हे सपाट खोरं आणि जळगावची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर. पुणं साडेपाचशेच्या वर आहे म्हणून तिथे रात्री तरी सुटका होते. आपल्याला ना उंचीचा फायदा ना समुद्राचा. त्यात एप्रिल-मेमध्ये कापूस निघून गेलेला असतो, काळी जमीन उघडी, कोरडी, भेगा पडलेली, ओल नाही त्यामुळे ऊन जे पडतं ते सगळं जमीन आणि हवा तापवण्यातच जातं. वर वारा येतो तो राजस्थान, गुजरात, माळव्याकडून कोरडा होऊन. आणि जळगाव २१ अंश अक्षांशावर, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे तेव्हाच येतो आणि लोक ज्याला नवतपा म्हणतात, कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही २५ मेच्या आसपासच सुरू होतो.

आता आकडे. मार्चमध्ये कमाल साधारण ३७ च्या घरात, एप्रिलमध्ये ४१ च्या आसपास, मेमध्ये ४२-४३ ही नेहमीची गोष्ट, आणि ४५ च्या वर गेलं तरी कोणी आश्चर्य करत नाही, चौकात फक्त 'काय ऊन पडून ऱ्हायलं भो' एवढं होतं. दुकानाबाहेरच्या बोर्डावर किंवा गाडीच्या डिस्प्लेवर ४८-४९ दिसेल, त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, ते सोडून द्या. हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर. डांबरी रस्त्यावर उन्हात उभ्या गाडीचं तापमान ते वेगळंच.

मुख्य मुद्दा हा की सीझनच्या अंदाजातून तुम्हाला जे पाहिजे ते मिळणार नाही. हवामान खातं मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला एप्रिल ते जूनचा अंदाज देतं, तो शक्यतेच्या भाषेत असतो, सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता, उष्णतेच्या लाटेचे दिवस जास्त राहण्याची शक्यता, असं. अमुक तारखेला जळगावला ४६ असं त्यात काही नसतं. शिवाय आपण त्यांच्या 'मध्य महाराष्ट्र' विभागात येतो, ज्यात महाबळेश्वर आणि कोल्हापूरही आहे, हे नवीन माणसाला माहीत नसतं म्हणून तो विदर्भाचा अंदाज वाचत बसतो. बातम्यांमध्ये 'उत्तर महाराष्ट्र' म्हणाले की ते आपण, नाशिकसकट.

२०२५ चंच बघा. मार्च संपता संपता अंदाज आला की देशाच्या बहुतेक भागात उन्हाळा जास्त तापणार, लाटेचे दिवस जास्त. एप्रिल तसा गेलाही, चांगलाच भाजून काढला. आणि मेमध्ये काय, तर वादळी पाऊस, ढग, मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत, देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात जास्त पावसाचा मे. नवतपा कुठे गेला कळलंच नाही. म्हणून अंदाज चुकीचा असतो असं नाही, तीन महिन्यांची सरासरी वेगळी आणि तुमच्या खिडकीबाहेरचा मंगळवार वेगळा. पुढे गंमत अशी की तो लवकर आलेला मान्सून मुंबईच्या थोडं पुढे येऊन जूनच्या मध्यापर्यंत अडकून बसला, आणि पेरणीची घाई केलेले लोक आकाशाकडे बघत राहिले.

त्यामुळे सीझनचा अंदाज एकदा वाचा आणि बाजूला ठेवा. दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो तो बघा, आणि चार-पाच दिवस आधी जिल्हावार इशारे येतात, 'मौसम' ॲपवर मिळतात. आम्ही शेतीसाठी 'मेघदूत' ॲप बघतो आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी', तुम्हाला 'मौसम' पुरेल.

पण त्या इशाऱ्यांतही एक गोम आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ४० पाहिजे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त पाहिजे, किंवा मग सरळ ४५ झालं पाहिजे. तुमच्याकडे किनाऱ्यावर त्या ४० च्या जागी ३७ आहे. आता विचार करा, मेमध्ये आमची सरासरीच ४२-४३, त्यावर साडेचार म्हणजे ४७ होतं, मग आठवडाभर ४४ राहिलं तरी नियमाने लाट नाही. उलट मार्चमध्ये ४२ झालं की लाट. म्हणून मेमध्ये 'अलर्ट नाही' म्हणजे मुलीला दुपारी बाहेर न्यायला हरकत नाही असं अजिबात समजू नका.

मी काय बघतो ते सांगतो, दोनच गोष्टी, रात्रीचं किमान तापमान आणि हवेतला दमटपणा. कमाल ४३ आणि किमान २५ असेल तर शरीर रात्री सावरतं, पहाटे गच्चीवर छान झोप लागते. पण किमान २९-३० वर अडकलं की भिंती थंडच होत नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपार कालच्याइतकीच असली तरी माणूस आधीच गळालेला असतो, म्हातारी माणसं आजारी पडतात ती बहुतेक अशाच सलग रात्रींनंतर. हवामान खातं याचा 'उष्ण रात्र' असा वेगळा इशारा देतं पण पेपरात हेडलाइन फक्त कमालची होते.

दमटपणाचं गणित तुम्हा कोकणवाल्यांना उलटं वाटेल. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असते, घाम येतो पण दिसत नाही, लगेच वाळतो, त्यामुळे आपण किती पाणी घालवलं ते कळतच नाही. बाइकवर निघालात तर हेअर ड्रायर तोंडासमोर धरल्यासारखं वाटेल. पण याच कोरड्या हवेमुळे कूलर जबरदस्त चालतो. अलिबागला कूलर म्हणजे पैसे पाण्यात, इथे साध्या पत्र्याच्या कूलरवर दुपार निघते, फक्त तो खिडकीबाहेर लावायचा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, सगळं बंद करून लावला तर खोलीत नुसती ओल. त्याच उन्हात घरोघरी बिबडे, कुरडया, पापड वाळतात, आमच्या घरच्यांना ढगाळ मे अजिबात आवडत नाही.

खरा त्रास जूनचे पहिले दोन-तीन आठवडे. तापमान ३९-४० वर येतं, आकडा बघून बाहेरचा माणूस म्हणतो चला उतरलं, पण वारा पश्चिमेचा होऊन ओलावा आलेला असतो, पाऊस नसतो, कूलर फेल आणि लाइट जाते ती नेमकी तेव्हाच. मान्सून केरळात १ जूनला, मुंबईत ११ जूनला ही नॉर्मल तारीख, आपल्याकडे जूनच्या मध्याला किंवा त्यानंतर. उशीर झाला तर हा उकाड्याचा तुकडा लांबतो. २०२३ ला केरळातच ८ जून उजाडला, अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ फिरत होतं, मुंबईला पाऊस पोचला २५ जूनला, तो जून आठवला तरी नको वाटतं. एसी घ्यायचा असेल तर मेसाठी नाही, या जूनसाठी घ्या.

मधेच एप्रिल-मेमध्ये अवकाळी येतो, दुपारपर्यंत भाजून निघायचं आणि चार-पाचला धुळीचं वादळ, कधी गारा. तुम्हाला त्या संध्याकाळी गार वाटेल, आमचा मात्र जीव जातो, कारण घड लागलेली केळी एका वाऱ्यात आडवी होते. उन्हाने पानं करपतात त्यासाठी बांधाला गजराज गवत किंवा शेवरी लावून वारा अडवता येतो, वादळापुढे काही चालत नाही. पीकविम्याचं बोलत नाही, तो वेगळा प्रश्न टाका.

घरचं. आईवडिलांना म्हणावं सकाळी अकरा ते पाच बाहेर पडू नका, बँकेची कामं सकाळी. ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवा, ओआरएसची पाकिटं घरात असू द्या. बाहेर पडताना कान झाकेल असा रुमाल, खिशात कांदा ठेवून काही होत नाही पण तुमची आई ठेवा म्हणाली तर ठेवा, वाद नको. कोणी बरळायला लागलं, अंग तापलंय, चक्कर येऊन पडलं तर उष्माघात समजून सावलीत घ्यायचं, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ ला फोन, पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणीही ओतायचं नाही.

आणि घर बघताना टॉप फ्लोअर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडतो. तोच आवडला तर मालकाला गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारून मागा, फरक पडतो. पश्चिमेला मोठी खिडकी असलेली बेडरूम टाळा. पाणी किती दिवसाआड येतं ते मालकाला नका विचारू, शेजाऱ्याला विचारा, आणि मेमध्ये किती दिवसाआड येतं ते वेगळं विचारा, कारण कूलर दिवसाला बादल्यांनी पाणी पितो. जमलं तर कुटुंबाला एप्रिलमध्ये न आणता तुम्ही एकटे या, आखाजी (अक्षय्य तृतीया) इथली बघा, आमरस-पुरणपोळी खा, आणि पहिला चांगला पाऊस झाला की त्यांना आणा. मुलीची शाळा तशीही जूनच्या मध्यालाच सुरू होईल.