क्लास घेतेस म्हणून खेळणं संपलं असं कोण म्हणालं?

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. "सर, आता क्लासच घेते, खेळून काही होत नाही." बुद्धिबळातलं रेटिंग दोन वर्षं अडकलंय, घरचे विचारतात, सगळं कळतं मला. पण शिकवणं म्हणजे खेळ सोडणं नाही, हे तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?

रशियन ग्रँडमास्टर आर्तुर युसुपोव्हची पुस्तकं तू सोडवलीयेस. धड्याखाली बारा पोझिशन, पासपुरते मार्क नाही पडले तर धडा परत. पण तो माणूस काय खेळलाय ते बघितलंस कधी? १९७७ ला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन, १९८६ च्या सुमारास जगात तिसरा, वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या कँडिडेट्सच्या सेमीफायनलला तीनदा पोचला आणि तिन्ही वेळा हरला, सोकोलोव्हकडून, कार्पोव्हकडून, मग टिमानकडून. वर्ल्ड टायटलची मॅच मिळालीच नाही.

आता तारखा नीट बघ. १९९० मध्ये त्यानं आपले कोच मार्क द्वोरेत्स्की यांच्याबरोबर होतकरू पोरांसाठी शाळा काढली, पुढे आठ वेळा रशियाचा चॅम्पियन झालेला पीटर स्विडलर तिथलाच. म्हणजे पोरांना शिकवणं चालू होतं आणि १९९१ ला ब्रुसेल्सला कँडिडेट्सच्या मॅचमध्ये समोर इव्हानचुक, ज्यानं त्याच वर्षी लिनारेसच्या स्पर्धेत वर्ल्ड चॅम्पियन कास्पारोव्हला मागे टाकलं होतं. आठ गेमनंतर ४-४, मग कमी वेळेचे रॅपिड डाव, आणि नवव्या गेममध्ये काळ्याकडून किंग्ज इंडियन ही ओपनिंग खेळून युसुपोव्ह वजिराच्या बाजूची पर्वा न करता राजावर असा तुटून पडला की तो डाव आजही लोक एकमेकांना दाखवतात. शाळा काढल्यानंतरचा डाव आहे हा, आधीचा नाही!

त्याच सुमारास मॉस्कोतल्या घरात चोर शिरले, त्याला गोळी लागली, तो जर्मनीला गेला. तरी १९९५ ला आनंद कास्पारोव्हशी खेळला तेव्हा त्याच्या टीममध्ये हा होता, आणि २००० ला इस्तंबूल ऑलिम्पियाडला जर्मनीनं सिल्व्हर घेतलं त्या संघातही होता. शिकवणं म्हणजे खेळ सोडणं नाही, अजून किती वेळा सांगू.

तू म्हणशील द्वोरेत्स्कींनी तर खेळणं कमी केलंच, ग्रँडमास्टरही झाले नाहीत. बरोबर. पण त्यांनी चांगलं खेळत असताना, मॉस्कोचा चॅम्पियन होऊन झाल्यावर ठरवून कोचिंग निवडलं. तू चार स्पर्धा वाईट गेल्या म्हणून निवडतेयस, याला निवडणं म्हणत नाहीत.

मी बॅचेस सुरू केल्या तेव्हा मित्र म्हणाले, हा संपला. मी संपलो नव्हतो. घरी पैसे लागत होते, शनिवार-रविवार क्लासमध्ये जायचे आणि स्पर्धा नेमक्या तेव्हाच असायच्या, मी दुसरं काय करणार होतो? तरी खंत आहे, कारण माझे हत्तीचे एंडगेम सगळ्यात पक्के झाले ते पोरांना शिकवताना. हत्ती प्याद्याच्या मागेच का ठेवायचा असं नऊ वर्षांचं पोर विचारतं, आपण पुस्तकातलं उत्तर देतो, त्याला पटत नाही, मग आपल्यालाच पट मांडून शोधावं लागतं. तेच घेऊन मी स्पर्धेत बसायला हवं होतं. तू बस.

पुढच्या महिन्यातल्या ओपन स्पर्धेची एंट्री आजच भर, उद्यावर ढकलू नकोस. रविवारची तुझी बॅच मी घेतो, फक्त पोरं कुठल्या पोझिशनला अडकलीयेत ते आधी पाठव.