हृदयाच्या घडणीवर संशोधन करायला एमबीबीएस लागत नाही

तुमचा प्रश्न असा आहे: एमएस्सीनंतर मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट (पेशीतल्या जनुकांचा आणि रेणूंचा अभ्यासक) म्हणून जन्मजात हृदयदोषांवर काम करायचं तर ते करिअर कसं असतं, आणि डॉक्टर नसताना त्याचा रुग्णाला काही उपयोग होतो का?

मी याच विषयात, उंदरांच्या गर्भांवर काम करते. उपयोग नक्की होतो, फक्त तो कुठल्या वाटेने येईल हे आधी कळत नाही. त्यासाठी मार्गारेट बकिंगहॅम यांचं उदाहरण देते.

बाई मूळच्या स्कॉटलंडच्या, जन्म १९४५चा. ऑक्सफर्डला डॉक्टरेट झाल्यावर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या आणि तिथेच रमल्या. विषय स्नायूंचा: गर्भात स्नायूचं कुठलं जनुक कधी चालू होतं. त्यांच्या लॅबमध्ये उंदरांचे असे वाण होते की बाहेरून घातलेलं मार्कर-जनुक जिथे चालू असेल त्या पेशी रंगवल्यावर निळ्या दिसत. एका वाणात निळा रंग हृदयाचा उजवा निलय (खालचा कप्पा) आणि रक्त बाहेर नेणारी नळी इथे तर दिसलाच, पण हृदयाबाहेर, घशाच्या भागातल्या पेशींतही दिसला. बाहेरून घातलेला डीएनए गुणसूत्रात कुठे जाऊन बसेल यावर आपला ताबा नसतो. इथे तो एफजीएफ१० या जनुकाजवळ बसला होता आणि त्याच्याच हुकमाने चालत होता. ‘प्रयोग फसला’ म्हणून तो वाण बंद करणं अगदी सोपं होतं. रॉबर्ट केली, बकिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी उलट घशाजवळच्या त्या पेशींवर रंगाची खूण केली आणि त्या सरकत हृदयात शिरतात हे दाखवलं. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी कोंबडीच्या गर्भावर काम करणारे दोन गटही याच निष्कर्षाला पोचले. म्हणजे गर्भात हृदय सुरुवातीला एक साधी नळी असतं, पण सगळं हृदय त्या पहिल्या नळीतूनच घडत नाही, मागाहून आलेल्या पेशी त्याला जोडल्या जातात. या पेशींच्या क्षेत्राला आम्ही सेकंड हार्ट फील्ड म्हणतो.

आता रुग्णाकडे येऊ. काही बाळांत बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळलेला असतो. त्यात टीबीएक्स१ हे जनुक असतं आणि ते याच घशाच्या भागात काम करतं. प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी थायमस आणि कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड या ग्रंथीही तिथूनच घडतात. त्यामुळे एकाच बाळात महाधमनीच्या कमानीचा किंवा टेट्रालॉजी ऑफ फॅलोसारखा (हृदयातले चार बिघाड एकत्र असलेला) दोष, रक्तातलं कमी कॅल्शियम आणि दुबळी प्रतिकारशक्ती असं सगळं एकत्र येऊ शकतं. अशी शंका आली की शस्त्रक्रियेआधी कॅल्शियम तपासतात, आणि रक्त द्यायचं तर त्यावर आधी किरणांचा मारा करून देतात, कारण दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्या बाळाला घातक ठरू शकतात. गर्भशास्त्र समजलं की हे सगळे धागे एकत्र का येतात ते कळतं, आणि मला या विषयाची ओढ त्यामुळेच आहे.

रोजचं काम मात्र संथ आहे. सकाळी माद्या तपासायच्या, गर्भधारणेचा दिवस नोंदवायचा. साडेनऊ दिवसांचा गर्भ जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्यांनी त्याच्याभोवतीचं आवरण सोडवायचं आणि ते जनुक-तपासणीसाठी वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवायचं. ट्यूबवरचा नंबर चुकला तर तो गर्भ वाया. दोन्ही पालकांकडून जनुकाची बिघडलेली प्रत आलेला गर्भ हवा असेल तर चारांतला सरासरी एकच गर्भ कामाचा असतो. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), आणि कायमची नोकरी त्यानंतर. पगाराची घाई असेल तर हा रस्ता जड जाईल, हे स्पष्ट सांगते.

सुमारे शंभर बाळांत एकाला हृदयाचा जन्मजात दोष असतो आणि बहुतेकांत एकच एक जनुक सापडत नाही. तेव्हा काम भरपूर शिल्लक आहे.

प्राणी निवडताना विचार करा. झेब्राफिश या छोट्या माशाचा गर्भ पारदर्शक असतो आणि साधारण एका दिवसात त्याचं हृदय धडधडताना दिसतं, पण त्याला एकच अलिंद (वरचा कप्पा) आणि एकच निलय. हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यातल्या छिद्राचा अभ्यास करायचा तर उंदीर किंवा कोंबडी हवी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झेब्राफिशच्या हृदयावर काम चालतं. नेट-जेआरएफची (संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून देणाऱ्या परीक्षेची) तयारी चालू ठेवा, आणि पीएचडीचा अर्ज भरण्याआधी अशा एखाद्या लॅबमध्ये दोन-तीन महिने प्रशिक्षणार्थी म्हणून काम करता येईल का, ते मेल करून विचारा.