वसईचा किल्ला : गड म्हणून नको, शहर म्हणून बघा

ताई, डिसेंबरात आई-वडील आणि १२ वर्षांच्या लेकीला घेऊन एका दिवसात वसईचा किल्ला बघायचाय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी तिथे बऱ्याचदा गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राजगड-रायगड मनात धरून जाऊ नका. चढण नाही, माची नाही. तटाच्या आत पोर्तुगिजांचं अख्खं शहर होतं. १५३४च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालला. हे ठाऊक नसलं की लोक 'नुसत्या पडक्या भिंती' म्हणत तासाभरात परततात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

महिना चांगला निवडलात. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं, गवत कमरेपर्यंत वाढतं आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. वसई रोडला उतरून रिक्षा करा, आठच्या आत किल्ल्यात पोचा. रस्ता थेट किल्ल्यातून किल्लाबंदरला जातो, त्यामुळे आई-बाबांना फार चालावं लागणार नाही.

सगळं बघायचा हट्ट नको. बालेकिल्ल्याचं प्रवेशद्वार, फ्रान्सिस्कन चर्च आणि समुद्राकडचा दरवाजा एवढं निवांत बघा. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यात गोल जिना आहे, पण वर चढू नका, बाबांना घेऊन तर नकोच.

सर्वात जास्त वेळ फ्रान्सिस्कन चर्चला द्या. छप्पर गेलंय, पण जमिनीत थडग्यांच्या शिळा अजून आहेत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. सावली असेल तर मोबाईलची बॅटरी शिळेला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगं, हा शब्द लेकीला शोधायला सांगा. अक्षरांत खडू किंवा पीठ मात्र मुळीच भरू नका. पाणी ओतून घासणारेही पाहिलेत मी, त्याने दगड आणखी झिजतो. इथला दगड गोव्यापर्यंत गेलाय, तिथल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागाला वसईचाच दगड आहे.

चिमाजी आप्पांची मोहीम मुलीला तटापाशी उभं राहून सांगा. तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल, मोठा हल्ला करायचा तर उत्तरेच्या जमिनीकडूनच. म्हणून मराठ्यांनी त्याच बाजूच्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावले आणि मे १७३९मध्ये वसई घेतली. इथल्या चर्चमधल्या घंटा मग मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. ती पुढच्या सहलीत दाखवा, लेकीला दुवा आपोआप जुळेल.

गाइड मिळाला तर ठीक, पण घरून नकाशा छापून न्याच. पाणी पुरेसं घ्या, आत मिळेलच असं धरून चालू नका. डासांचं मलमही असू द्या. ट्रायपॉड किंवा ड्रोन न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते, साध्या मोबाईलला अडचण नाही.

दुपारी ऊन चढलं की आई-बाबांना झाडाखाली बसवा आणि तुम्ही दोघी तेवढ्यात समुद्राकडच्या दरवाजाशी जाऊन या.