गल्ल्यावर नव्याने बसणाऱ्यांसाठी
दरोडेखोर फक्त पैसे मागत असेल तर गल्ला उघडून द्यावा, हात त्याला दिसतील असे ठेवावेत आणि प्रत्येक हालचाल आधी सांगून करावी. पैसा पुन्हा मिळवता येतो. बंदूक रोखलेली असेल तर प्रतिकाराचा विचारही करू नका. मात्र तो सुरी घेऊन अंगावरच धावून आला आणि पळायला वाट उरली नाही, तर हाताशी येईल ती वस्तू वापरावीच लागते. माझा भरवसा चाके नसलेल्या साध्या खुर्चीवर आहे, कारण पाठ घट्ट धरून तिचे चारही पाय त्याच्या छातीकडे रोखले की सुरी हातभर लांब राहते. भुकटीचा अग्निशामक सिलिंडर तोंडावर सोडल्यास पांढऱ्या लोटामुळे त्याला क्षणभर काही दिसत नाही. पण छोटा सिलिंडर साधारण 10 सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून तेवढ्यात दार गाठायचे, झुंजत बसायचे नाही. त्याची पिन नेमकी कुठे आहे, ते आजच पाहून ठेवा.