फुलपाखरं भरपूर, म्हणजे जंगल चांगलं?

प्रश्न : सेमिनरी हिल्सला फिरताना घाणेरीच्या झुडपांवर खूप फुलपाखरं दिसतात. म्हणजे तिथलं जंगल निरोगी आहे असं समजायचं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नुसत्या गर्दीवरून नाही. घाणेरी बाहेरून आलेली, आक्रमक. फुलपाखरं तिथे मध प्यायला येतात. अंडी मात्र अळीला खाता येईल त्याच झाडावर घालतात. म्हणून मी आधी जाती मोजते, मग संख्या. रुईवर वाढणारं प्लेन टायगर हे फुलपाखरू पडीक जागेतही दिसतं, त्यावरून जंगलाचं काही कळत नाही. कॉमन जेझेबेल या फुलपाखराची अळी मात्र बांडगुळावर जगते, म्हणजे बांडगूळ धरलेली झाडं जवळपास हवीतच. (बांडगूळ दिसलं की छाटणारे पाहिले की जीव तुटतो.)

आणि खाली बघा! पावसाळ्यात शेणाचा पो काडीने हलवा. शेणकिड्यांच्या लहानमोठ्या जाती सापडल्या तर शेण मातीत मुरतंय, गुरं किंवा रानातले तृणभक्षी नियमित येताहेत. गुरांना दिलेली काही जंतनाशकं शेणातून उतरून हे किडे मारतात, तेव्हा शेण तसंच वाळून पडतं.

मे महिन्यातल्या उन्हात काही दिसलं नाही तर घाबरू नका. मोजायला दरवर्षी एकच वाट, एकच महिना धरा; ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम.