एस्टिमेट शंभराचं, गरज कितीची?

एका वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: गाडी 7 वर्षांची. गेले पंधरा दिवस ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून किरकिर येते. मोठ्या वर्कशॉपने दिलेलं एस्टिमेट त्यांच्या दीड महिन्याच्या बचतीइतकं आहे. दुसरा गॅरेजवाला म्हणतो, 'फक्त पॅड बदला', आणि तो मागतो त्याच्या पाचवा हिस्सा. तिसरा म्हणतो, 'पॅड घासून देतो, आवाज जाईल', जवळजवळ फुकटात. बोनस तीन महिन्यांनी येणार आहे. आणीबाणीसाठी चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे, पण त्याला हात लावायचा नाही असं घरात ठरलंय. 'बोनसपर्यंत थांबू, कार्डावर हप्ते करू, की स्वस्तातलं करून मोकळा होऊ?'

नमस्कार,

आधी सगळ्यात सोपं उत्तर: बोनसची वाट पाहू नका. बाकीचं सांगायला जरा वेळ लागेल, कारण तुम्ही समोर ठेवलेले तिन्ही पर्याय मला पटलेले नाहीत.

तुम्ही एस्टिमेटचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. पूर्ण रक्कम 100 धरली तर त्यातली वाटणी अशी दिसते: पुढचे पॅड मजुरीसकट 23, पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, पॅड यांनाच आवळतात) 42, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) ओव्हरहॉल म्हणजे खोलून दुरुस्ती 13, मागचे ड्रम उघडून साफ करणं आणि लायनर (ड्रमला आतून घासणारा, पॅडसारखाच थर) 10, ब्रेक ऑइल 6, आणि 'केमिकल ट्रीटमेंट' नावाचं काहीतरी 6. दुसऱ्या गॅरेजवाल्याने पॅडचे सांगितले 20. म्हणजे तेच काम एकाकडे 23 ला आणि दुसऱ्याकडे 20 ला होतंय. वर्कशॉप तुम्ही समजता तेवढं महाग नाही, त्यांची यादी लांब आहे. तुम्ही 100 आणि 20 शेजारी ठेवून एकाला लुटारू आणि दुसऱ्याला देवमाणूस ठरवलंत, पण भावातला फरक जेमतेम 3 चा आहे. उरलेल्या 77 ची कामं लागणार आहेत की नाहीत, एवढाच खरा वाद आहे, आणि त्यातला बराचसा मोजून मिटतो.

या दोघांपैकी कुणीही तुम्हाला एकही माप सांगितलेलं नाही. 'डिस्क गेल्यात' हे मत झालं. 'पॅडच बदला, बाकी ओके' हेही मतच, फक्त खिशाला बरं वाटणारं. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो आणि 3 मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलतात. पुढच्या दोन चाकांत मिळून पॅड चार, म्हणून आकडेही चार हवेत. चाकाच्या फटीतून डोकावलं की बाहेरचा पॅड दिसतो. आतला दिसत नाही, आणि कॅलिपरच्या पिना जाम झाल्या असतील तर बहुधा तोच आधी संपतो. त्यामुळे चाक काढल्याशिवाय सांगितलेल्या निदानाला मी काडीची किंमत देणार नाही.

हेच चार आकडे कॅलिपरच्या 13 चाही निकाल लावतात. चारही पॅड साधारण सारखे झिजले असतील, गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढत नसेल आणि कुठे ऑइलची गळती नसेल, तर ओव्हरहॉल कशासाठी हे त्यांनी तुम्हाला समजावून सांगायला हवं. पिना साफ करून ग्रीस लावणं पॅडच्या मजुरीतच येतं. एक पॅड 7 मिलिमीटरचा आणि त्याच चाकातला दुसरा 2 चा निघाला, तर मात्र वर्कशॉपवाले खरं बोलतायत. तिथे नुसते पॅड घालून आलात तर नवेही तसेच वाकडे झिजतील.

डिस्कचं तर आणखी सरळ आहे. किमान जाडी किती हवी हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. समजा तिथे 22 मिलिमीटर लिहिलंय आणि मायक्रोमीटरने मोजलेली जाडी 23.4 आली, तर जाडीच्या कारणाने डिस्क बाद होत नाही. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर पृष्ठभाग असमान झालेला असू शकतो. तेव्हा लेथवर डिस्क घासून घेता येते, पण घासल्यानंतरही ती किमान मापाच्या वर राहिली पाहिजे. खोल चरे किंवा तडे असतील, किंवा माप 22 च्या खाली असेल, तर 42 द्या आणि कुरकुर करू नका.

आता तुमच्या लाडक्या दुसऱ्या गॅरेजवाल्याविषयी. त्याने ब्रेक ऑइलचं नावही काढलं नाही, आणि तुम्ही लिहिता की ते शेवटचं कधी बदललं हे तुम्हाला आठवत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की तीच मर्यादा 155 वर येते. लांब घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडत जातं. म्हणून बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. यादीतलं जवळजवळ सगळ्यात स्वस्त काम, आणि ते स्वस्तवाल्याकडून सुटलं. त्याने फसवलं असं मी म्हणत नाही. कमी पैसे मागणारा प्रामाणिकच असतो, ही आपण स्वतःची घालून घेतलेली समजूत आहे, एवढंच.

मागचे 10 तूर्त थांबू शकतील असा माझा अंदाज आहे. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो, बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात, त्यामुळे मागचे लायनर सहसा जास्त टिकतात. तरी अंदाजावर सोडू नका, ड्रम उघडून लायनरचंही माप घ्या. केमिकलचे 6 मात्र न मोजता कापा. पॅड बदलताना स्प्रे मारून साफसफाई होतेच, तिची वेगळी ओळ कशाला?

तिसऱ्या माणसाच्या 'घासून देतो'बद्दल: बऱ्याच पॅडना एक छोटी धातूची पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम किरकिरते. तिला दुसरं कामच नाही. पॅड जाड असेल आणि त्यावर नुसती चकाकी आली असेल तर घासणं चुकीचं नाही. पण न मोजता आवाज घालवायचा, म्हणजे बँकेकडून येणारा 'शिल्लक कमी' हा मेसेज बंद करून शिल्लक वाढली असं मानायचं.

मग मोजायचं कुणी? इथे माझ्या, म्हणजे पैशांबद्दल सल्ला देण्याच्या, धंद्यातली गोष्ट सांगते. विकलेल्या पॉलिसीवर ज्याचं पोट आहे, त्याला 'मला पॉलिसीची गरज आहे का?' असं विचारू नये. तो वाईट माणूस असेलच असं नाही, पण उत्तर ठरलेलं असतं. म्हणून सल्ल्याचे पैसे वेगळे द्यावेत. गाडीचंही तसंच करा. चौथ्या ठिकाणी जा, आणि गेल्या गेल्या सांगा: 'काम तुमच्याकडे करणार नाही. चाकं काढून चार पॅड, दोन डिस्क आणि मागच्या लायनरची मापं लिहून द्या. तासाची जी मजुरी असेल ती घ्या.' काही जण तोंड वाकडं करतील. जो हो म्हणेल, त्याचा नंबर जपून ठेवा.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वर्कशॉपच्या काउंटरवर 'मॅडम, सेफ्टीचा प्रश्न आहे' एवढं ऐकून मी डिस्क बदलायला मान डोलावली. संध्याकाळी जुन्या डिस्क दाखवा म्हटलं, तर त्या भंगारात गेल्या होत्या. लोकांना दिवसभर 'सही करण्याआधी वाचा' म्हणून सांगणारी बाई मी!

म्हणून काम टाकताना जॉब कार्डवर दोन वाक्यं लिहून घ्या: जुने भाग परत हवेत, आणि फोनवर विचारल्याशिवाय काम वाढवायचं नाही. पॅडचा खोका बघा, बिलावर पार्ट नंबर येऊ दे. पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही. आणि ज्या कामाबद्दल शंका असेल तिथे विचारा, 'हे पुढच्या सर्व्हिसला केलं तर काय होईल?' चांगला मेकॅनिक कारण आणि आकडा देतो. जो पुन्हा नुसती भीतीच घालतो, तो माझ्यासारख्यांच्या ओळखीचा आहे. आमच्याकडे तो 'तुमच्या माघारी मुलांचं काय' असं विचारत येतो.

आता पैसे कुठून काढायचे. फक्त पॅड आणि ऑइल लागलं तर एकूण 29 च्या आत सुटाल. डिस्क खरंच बाद असतील तर 71, कॅलिपरही निघाला तर 84, म्हणजे तुमची साधारण सव्वा महिन्याची बचत. हे आणीबाणीच्या पैशातून घ्या. ब्रेक झिजणं ही काही आकस्मिक घटना नाही, त्यासाठी दरमहा थोडे बाजूला पडायला हवे होते, हे मला मान्य आहे. पण ते पडले नाहीत, आणि चार महिन्यांच्या राखीव रकमेला हात लावायचा नाही म्हणून कार्डावर व्याज भरायचं, ही कसली शिस्त? बोनस आला की पहिलं भोक तेच बुजवा. दरमहाची गुंतवणूक यासाठी थांबवू नका.

थांबण्याचा हिशेबही करून टाकू. आज डिस्क चांगल्या असतील, तर पॅडचा थर संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासायला लागेपर्यंतच त्या चांगल्या राहतील. तीन महिने वाचवायला जाल आणि 29 चे 71 कराल. झीज हा विम्यातला विषय नाही, तिथून काही मिळणार नाही. अपघाताची किंमत मी या हिशेबात धरलेलीच नाही, कारण ती मला मांडता येत नाही.

आणि किरकिरीच्या जागी खरखर सुरू झाली, पेडल खोल जायला लागलं, किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला, तर हे सगळं पत्र बाजूला ठेवा आणि गाडी टो करून न्या.

नवे पॅड बसले की गाडी हलवण्याआधी पेडल दोन-चारदा दाबून कडक झाल्याची खात्री करा, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर विनाकारण जोरात ब्रेक मारू नका. त्या दिवशीचं किलोमीटरचं रीडिंग वहीत लिहा. पुढच्या सर्व्हिसला पुन्हा माप घ्या: 20,000 किलोमीटरमध्ये 11 मिलिमीटरचे 7 झाले, तर तशाच वापरात आणखी 20,000 नंतर 3 वर याल. किती महिन्यांत तेवढं चालवता हे तुम्हाला माहीत आहे, पॅडच्या खर्चाला तेवढ्या महिन्यांनी भागा आणि येईल तेवढी रक्कम दरमहा बाजूला टाका.

या आठवड्यात चार पॅडची आणि दोन डिस्कची मापं घेऊन मला कळवा. डिस्कच्या 42 चं काय करायचं ते त्यानंतर सांगते.